जटाप्पाचं पाणी

करीमचाचांच्या दुकानाचं शटर वर गेलं आणि सगळ्यात आधी वास आला. बॅटरीतल्या तेजाबाचा, जुन्या वायरींचा, काथ्याच्या दोरीचा. मी उंबऱ्यावरच उभी राहिले. चाचांची लेक शमीम पुढं गेली होती, तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "ये की आत. पायघड्या घालू का तुला?"

"घाल की. तुझ्या एका फोनवर नांदेडहून कंबर मोडून घेत आले मी."

"कंबर तुझी आधीच मोडकी. एस्टीला कशाला नावं ठेवतीस?"

आमचं हे लहानपणापासून असंच. भेटल्याबरोबर आधी भांडून घ्यायचं, मग कुठं बोलायला सुचतं. लग्नानंतर ती उदगीरला गेली, मी आधी शिकायला आणि मग सासरी नांदेडला. नवरा गेल्यावर ती परत माहेरी, आमच्या अहमदपूरला येऊन राहिली, भावाच्या शेजारी. आता रस्ता रुंद करायला हे दुकान पाडणार होते. तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "भोंगा लातूरचा एक हॉटेलवाला घेऊन चाललाय. शोभेला टांगणार म्हणतोय. जायच्या आधी येऊन बघून जा."

भोंगा दाराशीच होता. चंदेरी रंग उडालेला, कडेला पोचा आलेला, आत कोळिष्टकं. हॉटेलवाल्याला वाजवून दाखवायचा म्हणून शमीमच्या भाच्यानं तो सकाळीच माइकच्या मशीनला जोडून ठेवला होता. मी त्याच्या कडेवरून हात फिरवला आणि काय सांगू, एकदम घशाला कोरड पडली. तहान लागली, खरंच लागली. शमीमनं न विचारताच तांब्या पुढं केला.

आमचं कापडाचं दुकान होतं आणि त्याला लागून करीमचाचांचं लाउडस्पीकरचं. दोन दुकानांत भिंत एकच, त्यामुळं चाचा जे लावत ते आमच्याकडं धोतरजोड्यांच्या गठ्ठ्यांपर्यंत ऐकू यायचं. लग्न कुणाचंही असो, लिंगायताचं, मराठ्याचं, मुसलमानाचं, मांडवाच्या आधी चाचांचा भोंगा लिंबाच्या झाडावर चढायचा. चाचा माइकमध्ये फुंकर मारत, "हालो, हालो," म्हणत, आणि मग गल्लीला कळायचं की आता कार्य सुरू झालं. नवऱ्या मुलीला हळद लागली नसली तरी चालेल, भोंगा लागला पाहिजे.

चाचा वर्षातून एकदा हैदराबादला जाऊन जुन्या रेकॉर्डींचं पोतं घेऊन येत. पोतं उघडायचा दिवस मला आणि शमीमला सणासारखा. आम्ही दोघी फडक्यानं एकेक तबकडी पुसायचो. वर गोल फिरणाऱ्या रेघा, मधे रंगीत कागद, आणि नाकाला लावली की डांबरासारखा एक मंद वास. तशाच एका पोत्यातून तो निघाला.

पाकिटावर फोटो होता. गोरा माणूस, खांद्याच्या खाली आलेले केस, विस्कटलेली दाढी, गळ्यात मण्यांच्या माळा, डोळे मिटलेले आणि तोंड आभाळाकडं. चाचांनी पाहिलं आणि ठरवूनच टाकलं. "ये तो कोई विलायती फकीर है. कव्वाली होगी," म्हणाले. मोठ्या अदबीनं त्यांनी तबकडी मशीनवर ठेवली, सुई टेकवली, आणि फकीरसाहेबांनी जी किंकाळी फोडली म्हणता! शेजारी माझे वडील, अप्पा, गिऱ्हाइकाला लुगडं मोजून देत होते, त्यांच्या हातातला गज खाली पडला. कपाळावरच्या भस्मासकट अप्पा धावत दारात आले.

"करीमभाई, कुणाला मारून राहिलात का आत?"

चाचा ओशाळले. ती तबकडी पुन्हा पाकिटात गेली आणि पाकीट फळीवर. लग्नात लावायच्या कामाची नव्हती, उरुसात लावायच्या कामाची नव्हती. विलायतेत मोठा नावाजलेला रॉक गायक होता तो, पण आमच्याकडं त्याला फळीवर धूळ खात बसायची वेळ आली होती.

मग तो दुष्काळ आला. का आला, किती मोठा होता, ते पुस्तकांत आहे, तिथं वाचा. मला आठवतो तो सरकारनं परदेशातून आणलेल्या लाल ज्वारीच्या, मिलोच्या भाकरीचा आंबूस वास. खडी फोडून आलेल्या बायकांच्या अंगावरची पांढरी धूळ. रिकाम्या घागरी एकमेकींना लागल्या की येणारा आवाज, कारण भरलेल्या घागरीचा आवाज वेगळा असतो आणि तो त्या वर्षी फार कमी ऐकू यायचा. सकाळी शाळेत जाताना दारादारांत सडा घालायच्या जागी नुसती झाडलेली माती दिसायची. रांगोळी मात्र बायकांनी सोडली नाही. कोरड्या मातीवर कोरडी रांगोळी, वारा आला की अर्धी उडून जायची.

लग्नं थांबली. चाचांचा भोंगा मुका झाला. आणि मग गावात टँकर यायला लागला, पण त्याच्या येण्याला वेळ नव्हती. कधी सकाळी, कधी भर दुपारी. जी बाई दारात असेल तिला पाणी, जी कामावर असेल ती गेली. तेव्हा चाचांना सांगण्यात आलं की टँकर दिसला की भोंग्यावरून गावाला कळवा.

चाचांनी आधी ओरडून पाहिलं. "पाणी आलं, पाणी आलं!" दोन दिवसांत टवाळ पोरं चौकाचौकांत तेच ओरडत फिरायला लागली. बायका घागरी घेऊन धावत येत आणि शिव्या घालत परत जात. मग कुणी कशाला विश्वास ठेवतंय? चाचांनी भजन लावलं, तर लोकांना वाटलं मठात काहीतरी आहे. पैगंबरांच्या स्तुतीची नात लावली, तर वाटलं दर्ग्यात आहे. सिनेमाचं गाणं लावलं, तर दोन म्हातारे चक्क फेटे बांधून आले, लग्न कुणाचं म्हणत! हसू नका. दुष्काळात लग्नाचं जेवण म्हणजे काय चीज होती ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा शमीम बोलली. ती फार बोलायची नाही, बोलली की कामाचं. "अब्बा, जो किसीका नहीं वो लगाव ना."

असा फळीवरचा फकीर खाली आला. त्याचं गाणं कुठल्याच देवळाचं नव्हतं, कुठल्याच मशिदीचं नव्हतं, कुठल्या लग्नातलं नव्हतं. ते पोरांना ओरडता येण्यासारखंही नव्हतं, तसा गळा होता कुणाचा? पहिल्या दुपारी ती किंकाळी गावावरून गेली तेव्हा कुत्री भुंकायला लागली. आठवडा गेला नाही तोवर तीच किंकाळी आली की सगळ्या अहमदपुराच्या जिवात जीव यायला लागला.

त्याचं बारसं काशव्वानं केलं. काशव्वा म्हणजे आमच्या समोरच्या घरातली नवी सून. माहेर देवणीकडचं, बोलण्यात कानडी हेल, आणि आवाज असा की तिला भोंग्याची गरजच नव्हती. तिला त्या वर्षी दिवस गेलेले होते, पोट वाढत चाललं होतं, पण गप्प बसणं तिच्या कुंडलीत नव्हतं. एकदा रांगेत उभी असताना तिनं चाचांच्या हातातून पाकीट घेतलं आणि डोळे मोठे केले.

"अय्यो, जटा बघा की ह्याच्या! गंगा कुठनं येतीया? जटेतनंच येतीया की. ह्यो आपला जटाप्पा हाय."

झालं. शिवाप्पा, मल्लाप्पा, तसा जटाप्पा. आमच्याच गल्लीत दुकान टाकून बसल्यासारखा. काशव्वानं बोटावर भस्म घेऊन त्याच्या फोटोवर तीन रेघा ओढल्या. मला वाटलं चाचा चिडतील, पण ते म्हणाले, "लगाव बेटी, लगाव. फकीर को सब चलता." कुणीतरी म्हणायचं हा मिलोच्याच देशाचा आहे, ज्वारीच्या पोत्यांबरोबर सरकारनं पाठवलाय. कुणी म्हणायचं त्यानं पावसासाठी अन्न सोडलंय, म्हणून असा किंचाळतोय. आम्ही त्याचं सगळं चरित्र असं घागरीच्या रांगेत रचलं.

त्या तबकडीवर एक ओरखडा होता. गाणं मध्यावर आलं की सुई तिथं अडकायची आणि जटाप्पा एकच हाक पुन्हा पुन्हा मारत राहायचा. मग टँकरवाल्यानं पाइप सोडला की चाचा काडेपेटीनं सुईला टिचकी मारत, आणि जटाप्पा एकदम उडी मारून भलत्याच ओळीवर जायचा. बायकांनी यावरून कायदा करून टाकला. किंकाळी आली की घागर उचलायची. जटाप्पा अडकला की चौक गाठलेला असला पाहिजे. त्यानं उडी मारली की रांग बंद, मागून येईल तिनं तळातला गाळ घ्यायचा. गल्ल्यागल्ल्यांतून धावणाऱ्या बायका एकमेकींना विचारायच्या, "अडकला का गं?"

"अजून न्हाई, पळ!"

अजूनही कधी कुठं पोचायला उशीर होत असला की माझ्या मनात तेच येतं. मुलाच्या कॉलेजात, दवाखान्यात, कुठंही. अडकला का गं?

वैशाखातली गोष्ट. चाचांनी घाईत तबकडी खिडकीच्या पत्र्यावर ठेवली आणि ते जेवायला गेले. परत आले तेव्हा ती पापडासारखी वाकली होती, एक कड वर, एक कड खाली. चाचांनी ती दोन हातांत धरली आणि नुसते बघत राहिले. तेवढ्यात चौकातल्या पिंपळाखाली टँकर येऊन उभा राहिला.

चाचा माइकमध्ये ओरडले. गळा बसेपर्यंत ओरडले. पण "पाणी आलं" या शब्दांवर गावानं कधीच पाणी सोडलं होतं. जवळपासच्या चार बायका आल्या तेवढ्याच. टँकरवाल्यानं बिडी विझवली. "चाचा, मला फुडं दोन गावं हायेत. कुणी येत न्हाई तर मी चाललो."

मी शमीमच्या शेजारीच होते. तिच्या ओठांवर लव होती, तिच्यात घामाचे थेंब साचलेले होते, ते मला आजही दिसतात. ती उठली, तिनं बापाच्या हातातून माइक घेतला, डोळे मिटले, तोंड वर केलं, आणि जटाप्पाची किंकाळी फोडली.

देवा रे! अंगावर सरसरून काटा आला माझ्या. आत्ता लिहितानाही येतोय. एवढीशी पोर, जी वर्गात हजेरी देतानाही तोंडातल्या तोंडात बोलायची! रोज ऐकून ऐकून सगळं तिच्यात जाऊन बसलं होतं. शब्द कळत नव्हते, तिलाही नाही, आम्हालाही नाही. पण त्याचा दम कुठं लागतो, कुठं आवाज फाटतो, कुठं तो रडवेला होतो, सगळं तसंच्या तसं. गल्ल्यांमधून घागरी वाजायला लागल्या. बायका आल्या, धापा टाकत आल्या, आणि मशीनवर तबकडी नाही, पोर उभी आहे, हे बघून जागच्या जागी थांबल्या.

ती अडकण्याच्या जागेवर आली. तिथं ती अडकली. आता सुई नव्हती, ओरखडा नव्हता, तरी ती अडकली, कारण आमच्या लेखी गाणं तसंच होतं. पाइप सुटला. टँकरवाला म्हणाला, "बस कर पोरी." शमीमनं एक डोळा किलकिला केला. गल्लीच्या तोंडाशी काशव्वा येत होती, आठव्या महिन्याचं पोट एका हातानं धरून, दुसऱ्या हातात घागर, पळता येत नव्हतं तरी पळत. शमीमनं डोळा परत मिटला आणि तीच हाक चालू ठेवली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. टँकरवाला वैतागला, बायका हसायला लागल्या. काशव्वाची घागर रांगेत टेकली तेव्हाच शमीमनं उडी मारली.

त्या दिवशी चाचांच्या बहिणीनं घर डोक्यावर घेतलं. पोरीचा आवाज सगळ्या गावात गेला, आता हिला कोण करून घेणार म्हणून. चाचा मान खाली घालून बसले. काशव्वा आमच्या ओट्यावरून सगळं ऐकत होती, ती तिथूनच ओरडली, "फुफी, तुम्ही गाताव का मग? गा की. न्हाईतर पाणी आणा घागरभर, मी गप बसते."

फुफी पदर सावरत आत निघून गेल्या. तशी दुसरी तबकडी मिळेपर्यंत शमीमला परवानगी मिळाली. दुसरी तबकडी काही मिळाली नाही, आणि चाचांनी ती फार मन लावून शोधली असंही मला वाटत नाही. उन्हाळाभर शमीम गात होती. रांगेतली भांडणं काही थांबली नाहीत, झिंज्या उपटायच्या त्या उपटल्याच गेल्या. पण ती गात असताना मागची बाई पुढच्या बाईला धरून उभी राहायची आणि ऐकायची. शमीम मात्र रोज वेगळीच दिसायला लागली. ताठ चालायची. हजेरीला मोठ्यानं "हजर!" म्हणायची. मला हेवा वाटायचा आणि लई अभिमानही वाटायचा, दोन्ही एकदमच.

मग पाऊस आला. तो कसा आला ते सांगत बसत नाही, सगळ्यांकडं सारखाच येतो. विहिरी भरल्या. टँकर यायचा बंद झाला. गावात पेढे वाटले, अप्पांनी मठात अभिषेक केला, काशव्वाच्या मुलाचं बारसं झालं. चाचांनी मशीनवर कापड टाकलं.

शमीम आणि मी आमच्या मागच्या ओट्यावर बसलो होतो. समोर पन्हाळीचं पाणी हौदात पडत होतं. ती ते पाणी बघत म्हणाली, "अगं, दुष्काळ परत कधी पडंल?"

"तोंड जळो तुझं!" मी ओरडले. "काय बोलून राहिलीस?"

तिनं मान खाली घातली. तेव्हा मला कळलं की सगळ्या गावाला पाणी मिळालं होतं आणि तिचं मात्र काहीतरी गेलं होतं. मी तिच्या ओढणीचं टोक पिळत बसले.

नांदेडला कॉलेजात असताना एकदा ग्रंथालयात एक इंग्रजी मासिक चाळत होते. पान उलटलं आणि समोर जटाप्पा! तेच केस, तेच मिटलेले डोळे. नुसतं भस्म तेवढं नव्हतं. मी इतक्या जोरात "अय्या!" म्हणाले की सगळ्यांनी माना वर केल्या. डिक्शनरी घेऊन बसले आणि तो लेख वाचून काढला. कोळशाच्या खाणीच्या गावात जन्मला होता. बाप खाणीत, आई लवकर गेलेली. देवळासारखं त्यांचं जे असतं तिथं गाऊन गाऊन गळा तयार झाला. मग नाव झालं, मैदानंच्या मैदानं भरायला लागली, पोरी त्याचा आवाज ऐकून चक्कर येऊन पडायच्या. मग दारू, मग बाकीचं सगळं. ऐन तारुण्यात गेला. मी त्या ओळीशी थांबले, पुन्हा वाचली. तबकडी आमच्याकडं यायच्या आधीच तो गेला होता. रोज दुपारी गल्लीगल्लीतून हाका मारत होता, तेव्हा तो या जगात नव्हताच.

लेखात त्याच्या मागं काय काय उरलं तेही होतं. किती गायकांनी त्याची किंकाळी उचलली, त्याच्या गावी पुतळा आहे, लोक वर्षाच्या वर्षाला जमून मेणबत्त्या लावतात. ते गाणं सोडून गेलेल्या एका पोरीवर होतं म्हणे. पाऊस नाही, पाणी नाही, काही नाही. मला हसू आलं आणि मग रडू आलं, तिथंच, ग्रंथालयात. त्या एवढ्या मोठ्या यादीत अहमदपूर नव्हतं. अरे बाबा, तुला कुणी सांगितलंच नाही. तू मेल्यावर एक सबंध उन्हाळा आमच्या गावाला पाणी पाजलंस. तुझ्या हाकेवर भरलेल्या पाण्यात काशव्वाचं बाळंतपण झालं. तुझे उपकार कसे फेडायचे आम्ही?

मग लातूर जिल्हा झाला. तोवर आमचा जिल्हा उस्मानाबाद, एवढ्याशा कामाला जाऊन यायचं तर दिवस मोडायचा. एस्टी स्टँडसमोर मांडव पडला. गाड्यांना झेंडूच्या माळा, गुलाल एवढा की बैलांची शिंगंसुद्धा लाल. भोंगा अर्थातच चाचांचा, केस पांढरे झालेल्या चाचांचा. भाषणं झाली, पुन्हा झाली, संपेचनात. शेवटी बायकांच्या बाजूनं काशव्वाचा आवाज आला, "चाचा, आता जटाप्पा लावा की!"

सगळ्या हसल्या, मग सगळ्याच ओरडायला लागल्या, जटाप्पा, जटाप्पा. तबकडी तर केव्हाच वाकलेली. सगळ्यांच्या माना शमीमकडं वळल्या. ती बाळंतपणाला माहेरी आलेली, कडेवर महिन्या-दोन महिन्यांचं लेकरू, शेजारी न्यायला आलेला नवरा. चाचांनी माइक तिच्या दिशेनं थोडासा पुढं केला. तिनं माइककडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, पदर पुढं ओढला आणि मानेनंच नाही म्हणाली.

मग बायकांनीच ते गाणं म्हटलं. बेसूर, टाळ्या पिटत, किंकाळीच्या जागी नुसता कालवा. पण मध्यावर आल्यावर सगळ्याजणी बरोब्बर अडकल्या, आणि बरोब्बर उडी मारली. विलायतेत पुतळा असेल, पण असं कुणी गातं का तिथं? शमीमचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"नानी, हा तर केवढा फेमस आहे!"

सानियाच्या आवाजानं मी भानावर आले. सानिया शमीमच्या मुलीची मुलगी, लातूरला शिकते, सुटीला आली होती. तिला दुकानातल्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी जटाप्पाचं ते पाकीट सापडलं होतं. कडा कुरतडलेल्या, फोटो पिवळा पडलेला, आणि कपाळावर भस्माच्या तीन रेघांचा डाग अजून तसाच. तिनं त्यावरचं नाव मोबाइलमध्ये शोधलं आणि गाणं लावलं.

किंकाळी आली. मी आणि शमीम, दोघीही एकदम उठून उभ्या राहिलो. खरं सांगते, माझा हात घागर शोधायला बाजूला गेला. मग आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि पोट धरून हसलो.

गाणं पुढं गेलं. मध्यावर आलं. आम्ही दोघी वाट बघत होतो. ते अडकलं नाही. सरळ पुढं निघून गेलं, पाण्यासारखं, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत, आणि संपलं.

शमीम हिरमुसली. "गलत गातोय हा," म्हणाली.

सानियाला हसू आवरेना. "नानी! त्याचंच गाणं आहे ते!"

"असंल. पण हा थांबतच नाही ना कुणासाठी."

सानियाचं हसू थांबलं. ती पोरगी हुशार आहे. तिनं मशीनचं बटण दाबलं, भोंग्यातून खरखर आली, आणि तिनं माइक आजीपुढं धरला. "मग तू बरोबर गाऊन दाखव."

"नक्को गं. आता कुठला गळा. दमा हाय मला."

बोलायचं खूप होतं, पण शमीमला आग्रह केला की ती गोगलगाईसारखी आत जाते, हे मला पहिलीपासून माहीत आहे. मी नुसता तिच्या ओढणीचा काठ हातात घेतला आणि पिळत बसले. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. बाहेर रस्त्यावर ऊन होतं. तिनं माइक घेतला, डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

किंकाळी फाटली. मधेच खोकला आला. तिनं पुन्हा सुरू केलं. आवाज जुन्या कापडासारखा विरलेला, पण दम तिथंच, रडवेली जागा तिथंच. भोंगा खरखरत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसायच्या भानगडीत पडले नाही. रस्त्यावर एक रिक्षावाला थांबला. शमीम मध्यावर आली आणि अडकली.

समोरच्या घराचं दार उघडलं. काशव्वा. काठीएवढी झालेली, कमरेत वाकलेली. अलीकडं तिला नातवंडांची नावं आठवत नाहीत, जेवल्याचं आठवत नाही, असं शमीमनं सांगितलं होतं मला. तिच्या हातात रिकामी कळशी होती. एक हात पोटाशी धरलेला. तिनं उन्हात डोळे बारीक केले आणि तोच जुना खणखणीत आवाज लावला.

"अडकला का गं?"

"अडकलाय काशव्वा!" मी दारातून ओरडले. "या, सावकाश या!"

ती पायरी उतरली. मग दुसरी. रिक्षावाल्यानं रिक्षा मागं घेतली. शमीमनं एक डोळा किलकिला करून बघितलं, परत मिटला, आणि धाप लागलेली असतानाही तीच हाक चालू ठेवली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. काशव्वा अजून रस्त्याच्या मध्यावरच होती.